खडकीची तार, वारणेची पावती आणि करमाडचा डेस्कटॉप

१/ छत्रपती संभाजीनगर ते जालना या वाटेवर करमाड हे गाव लागते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद असा मीटरगेज मार्ग टाकला आणि तो या गावाशेजारून गेला. रुळांच्या सोबतीने तारायंत्राचे खांबही आले. मराठवाड्यातील कितीतरी गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा पहिला धागा हाच होता. मात्र तो स्थानकाच्या खोलीत येऊन थांबे. गाव त्या खोलीच्या बाहेर होते.

२/ आज तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. रुळांच्या कडेने फायबर टाकणारी रेलटेल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. करमाडला लागून असलेल्या शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात ‘ऑरिक’ ही नवी नगरी उभी राहिली. तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. एवढे सगळे दारापाशी असताना घरात मात्र एक जुनेच वाक्य ऐकू येते: “राउटर बैठकीत आहे, संगणक आतल्या खोलीत आहे, आणि तिथे रेंज येत नाही.”

३/ हा थ्रेड त्या शेवटच्या पंधरा-वीस फुटांचा इतिहास आहे. टेबलावरचा संगणक तारेविना जोडणे ही घरगुती कटकट वाटते खरी, पण तिच्यातील प्रत्येक अडचण महाराष्ट्रात कुठे ना कुठे, कुणी ना कुणी आधीच सोसली आहे आणि सोडवलीही आहे. वायफाय हे नावही जन्मले नव्हते तेव्हा.

४/ आधी भिंत. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी जमलेल्या लोकांसमोर विद्युतचुंबकीय लहर भिंतींतून पलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. लहर भिंत ओलांडते हे तेव्हाच सिद्ध झाले. पण ओलांडताना ती काय गमावते हा प्रश्न पुढील शतकाचा. बोसांच्या लहरी अवघ्या काही मिलिमीटर ते सेंटिमीटर लांबीच्या होत्या. आजच्या वायफायची लहर त्याच कुळातली: २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी.

५/ आता दौंड. रेल्वे जंक्शन म्हणून हे नाव सर्वांना ठाऊक असते; पण १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा इंग्लंडहून येणारे संदेश टिपणारे केंद्र दौंडला होते, आणि इंग्लंडकडे संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला. पलीकडच्या बाजूलाही हीच रचना होती: ग्रिम्सबीजवळून संदेश निघत आणि स्केगनेसजवळ उतरत.

६/ पाठवणारे आणि ऐकणारे केंद्र एकमेकांपासून ७० किलोमीटरहून अधिक दूर का ठेवले? उत्तर साधे आहे. हजारो किलोमीटरवरून येणारा संदेश कुजबुजीसारखा असतो. शेजारीच आपलाच प्रक्षेपक गर्जत असेल तर ती कुजबुज कानी कशी पडावी? म्हणून कान दौंडला आणि तोंड खडकीला. गोंगाटापासून कान दूर नेणे, हा जोडणी सुधारण्याचा पहिला धडा. पुढे डेस्कटॉपच्या मागच्या बाजूस तो पुन्हा भेटणार आहे.

७/ दुसरा धडा त्याहून मोलाचा. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्याच्या वसाहती बिनतारी यंत्रणेने जोडण्याची जी आखणी चालली होती ती लांब लहरींवर, अवाढव्य मनोऱ्यांवर आणि प्रचंड विद्युतशक्तीवर बेतलेली होती. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आखूड लहरी घेतल्या आणि त्या चहूकडे न उधळता अँटेनांच्या रांगा उभारून एकाच दिशेला झोताप्रमाणे सोडल्या. म्हणूनच या सेवेला ‘बीम’ म्हणत. लागणारी शक्ती पूर्वीच्या आखणीच्या तुलनेत कितीतरी कमी होती आणि संदेश जलद जात.

८/ परिणाम राजकीय होता. १८७० पासून मुंबईला इंग्लंडशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलचा धंदा या झोतांपुढे असा डळमळला की १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने केबल आणि बिनतारी या दोन्ही व्यवसायांचे एकत्रीकरण करावे लागले. ‘जोर वाढवू नका, दिशा सुधारा’ या एका कल्पनेची ही ताकद. घरी राउटर बदलून “जास्त पॉवरचा” आणण्याआधी खडकीच्या अँटेना आठवायला हरकत नाही.

९/ पण दौंड आणि खडकी व्यापाऱ्यांसाठी होते, सरकारसाठी होते. सामान्य शेतकऱ्याचा कागद बिनतारी मार्गाने संगणकात जाण्याला आणखी सत्तर वर्षे लागली. त्यासाठी मराठवाड्यातून सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरला जावे लागेल.

१०/ तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वारणा सहकारी साखर कारखान्याभोवती दूधसंघ, शाळा, महाविद्यालये, बाजार असा सहकाराचा गोतावळाच तयार झाला होता. १९९८ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी कृतिदल नेमले आणि त्याच वर्षी ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प आकाराला आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात घेतली होती. खर्च अडीच कोटींच्या घरात. निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. तांत्रिक धुरा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती.

११/ नाव ‘वायर्ड’, पण गंमत अशी की गावांपर्यंतची जोडणी बऱ्याच अंशी बिनतारीच होती. गावातील केंद्रात एक डेस्कटॉप, त्याला जोडलेला व्हीएचएफ रेडिओ मोडेम, आणि पलीकडे वारणानगरचा मध्यवर्ती संगणक. टेबलावरचा संगणक रेडिओलहरींनी जाळ्याला जोडण्याचा ग्रामीण महाराष्ट्रातील हा मोठ्या प्रमाणावरचा आरंभीचा प्रयोग. वायफायचे पहिले मानक (८०२.११) त्याआधी एकच वर्ष, १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि ‘वायफाय’ हे नाव १९९९ मध्ये ठरायचे होते. (हे नाव ‘वायरलेस फिडेलिटी’चे लघुरूप आहे असे सर्रास सांगितले जाते. तसे नाही. एका नामकरण कंपनीने सुचवलेला तो केवळ कानाला बरा वाटणारा शब्द आहे.)

१२/ वेग किती? सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या फोनमधले एक मेगाबाइटचे छायाचित्र या वेगाने पाठवायचे तर १४ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. हसू येते. पण जरा थांबून पाहिले तर वारणेला छायाचित्रे पाठवायची नव्हती. शेतकऱ्याला हवे होते ते एवढेच: माझ्या उसाचे वजन किती भरले, तोडणीची परवानगी कधी निघणार, खताची उचल किती झाली. अशी दोनशे अक्षरांची पावती त्या मोडेममधून पाव सेकंदाच्या आत निघून जाते. कामाला वेग पुरेसा होता.

१३/ उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला या पावतीचे मोल सांगावे लागत नाही. तोडणी लांबली की ऊस वाळतो, वजन घटते, पुढच्या पिकाची जमीन अडकून पडते. वजनकाट्यावर काय भरले हे कळण्यासाठी कारखान्यापर्यंत खेप मारायची म्हणजे एक दिवस बुडाला. गावातल्या केंद्रावर तोच आकडा मिळणे ही चैन नव्हती. बिनतारी जोडणीचा इतिहास यंत्रांच्या नावांनी लिहिला जातो, तो अशा पावत्यांनीही लिहायला हवा.

१४/ मग प्रकल्पाचे काय झाले? येथे इतिहास सरळ रेषेत चालत नाही. गावोगावचे डेस्कटॉप सांभाळणे महाग पडू लागले. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा माणूस दूरचा, आणि त्या काळातील भारनियमन तर पाचवीला पुजलेले. शेतकरी स्वतः संगणकाला हात लावत नसे. केंद्रचालक पाही आणि सांगे. गावांना इंटरनेटचे महाद्वार उघडून देण्याची जी भाषा आरंभी झाली होती, तिच्यापैकी प्रत्यक्षात उरले ते ऊस, खत आणि पावती.

१५/ पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी, राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी, याच वारणेत उलटा प्रयोग केला. नाव ठेवले ‘वारणा अनवायर्ड’. सात गावांत आठ महिने डेस्कटॉपऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. संगणकावर होणारी सगळी कामे फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक आवडली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१६/ या प्रसंगाचा अर्थ ‘डेस्कटॉप हरला, मोबाइल जिंकला’ असा लावण्याचा मोह होतो. तो उथळ आहे. वारणेत हरला तो संगणक नव्हता. कामाच्या मानाने जड, देखभालीला महाग आणि वापरणाऱ्याच्या हाती नसलेली व्यवस्था हरली. आजही शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरणे, प्रकल्प-अहवाल टंकणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, सीएडीचे आरेखन करणे ही कामे सहा इंचांच्या पडद्यावर होत नाहीत, झाली तर माणसाचा जीव काढतात. करमाडच्या आतल्या खोलीतला डेस्कटॉप अजून निवृत्त झालेला नाही तो याचसाठी.

१७/ आता भिंतीकडे परत, कारण वारणेची लहर आणि वायफायची लहर यांत मोठा फरक आहे. व्हीएचएफची लहर साधारण एक ते दहा मीटर लांबीची. ती झाडे-झुडपे, घरे यांना बऱ्यापैकी वळसा घालते. वायफायची लहर वितीपेक्षाही आखूड. ती खोलीत शिरली की भिंत, छत, कपाट, फरशी यांवरून परावर्तित होत राहते. एकाच संदेशाचे अनेक प्रतिध्वनी थोड्या थोड्या अंतराने संगणकापाशी पोहोचतात आणि एकमेकांत मिसळून अक्षरे पुसतात. नव्वदच्या दशकात घरात वेगवान बिनतारी जाळे उभारण्यातला हाच मोठा अडसर होता.

१८/ तो दूर करण्यात वाटा होता ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतील जॉन ओ’सुलिव्हन आणि सहकाऱ्यांचा. ही मंडळी मूळची रेडिओ खगोलशास्त्राच्या क्षेत्रातली. स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधताना जे गणित त्यांनी वापरले होते तेच येथे कामी आले: माहितीचा एकच जलद प्रवाह न पाठवता ती अनेक संथ प्रवाहांत वाटून शेजारशेजारच्या वारंवारतांवर पाठवायची, म्हणजे प्रतिध्वनी आला तरी तो पुढच्या अक्षराला धक्का लावत नाही. त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये एकस्व मिळाले.

१९/ या ऑस्ट्रेलियन प्रयोगशाळेचा महाराष्ट्राशी जुना ऋणानुबंध आहे. पन्नासच्या दशकात गोविंद स्वरूप हे तरुण भारतीय शास्त्रज्ञ सिडनीत काम करीत होते. तेथे निकामी ठरू पाहणाऱ्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांच्या प्रयत्नाने भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये त्यांतूनच कल्याणजवळ देशातील पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. त्याच परंपरेतून पुढे नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी आली. खोडदची जागा निवडण्यामागे एक कारण तिथली रेडिओ-शांतता हे होते. दौंडचाच धडा, आकाशाएवढा मोठा केलेला.

२०/ तंत्र आले तरी परवानगी बाकी होती. भारतात १९३३च्या बिनतारी कायद्यानुसार रेडिओयंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागे. वसाहतकालीन राज्यकर्त्यांना लहरींची धास्ती वाटणे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र भारतातही ती चौकट दीर्घकाळ टिकली. अखेर जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा घराबाहेरही परवान्याविना खुला झाला.

२१/ त्या नियमांतल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. प्रक्षेपणाची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनाचा लाभ धरून ४ वॅट, आणि अँटेना छताच्या वर ५ मीटरपेक्षा उंच नको. याचा अर्थ कायद्यानेच जोर मर्यादित केला. घरगुती जोडणी सुधारायची तर शक्ती वाढवण्याची वाट फार लांब जात नाही. जागा, दिशा, उंची आणि मार्ग यांच्यावरच भिस्त. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग घराबाहेरच्या वापरासह मोकळा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडले.

२२/ दरम्यान पालघर जिल्ह्यात आणखी एक प्रयोग झाला, त्याची दखल मराठी इतिहासलेखनात फारशी घेतली जात नाही. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने खामलोली आणि आसपासच्या गावांत दूरचित्रवाणीसाठी राखीव पण रिकाम्या पडलेल्या यूएचएफ लहरी वापरून इंटरनेट नेले. फायबर जिथे संपते तिथून गावापर्यंत लांब लहर, आणि गावात पोहोचल्यावर आखूड लहरीचे वायफाय. झाडीतून, उंचसखल जमिनीतून वाट काढायला लांब लहर. चार भिंतींत वेग द्यायला आखूड. प्रत्येक टप्प्याला त्याची लहर. वारणेतील व्हीएचएफ आणि बैठकीतला राउटर यांचा जणू समेट.

२३/ एवढी शिदोरी घेऊन आता करमाडच्या त्या आतल्या खोलीत शिरता येते. मराठवाड्यातील जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. बांधकाम उन्हाळ्यात गारवा देणारे, पण रेडिओलहरीला जड. माती ओल धरते आणि पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी चांगल्याच शोषते; पावसाळ्यात “नेट स्लो होते” या तक्रारीत क्वचित तथ्य असते ते यामुळे. नव्या घरांत पत्रा असेल तर लहर त्याच्यावर आपटून परत फिरते. सिमेंटच्या स्लॅबमधले लोखंडही तिला अडवते.

२४/ त्यात डेस्कटॉपची घडण आड येते. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेत, उंचावर, मोकळ्या हवेत असतात. डेस्कटॉपमध्ये मुळात वायफायची सोय असेलच असे नाही. ती बसवावी लागते: आतमध्ये पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड किंवा बाहेरून यूएसबी अडॅप्टर. दोन्हींची तोंडे कॅबिनेटच्या मागच्या बाजूला. कॅबिनेट लोखंडी, ते टेबलाखाली, आणि पाठ भिंतीला टेकलेली. म्हणजे जगातली सगळ्यात वाईट जागा निवडून अँटेना तिथे लावल्यासारखे. मोबाइलला त्याच खोलीत रेंज आणि संगणकाला नाही, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

२५/ उपायही दौंडचाच. यूएसबी अडॅप्टर थेट मागच्या खाचेत न खोचता मीटरभराच्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर, भिंतीपासून सुटा, राउटरच्या दिशेला आणावा. कार्ड असेल तर लांब वायरीवर येणारी, टेबलावर ठेवता येणारी अँटेना घ्यावी. यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. यूएसबी ३.० ची निळ्या तोंडाची खाच आणि तिला जोडलेली हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ-गोंगाट करते; इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवले होते. अडॅप्टर तिच्या शेजारी लावला तर प्रक्षेपकाच्या पायथ्याशी कान लावल्यासारखे होते. ७० किलोमीटर नको, एक मीटर पुरे.

२६/ मग खडकीचा धडा. राउटर दूरदर्शनच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती केवळ केबलवाल्याने जिथे तार संपवली तिथे यंत्र ठेवले म्हणून. तो घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, दाराच्या रेषेत आला की लहरीला भिंतीऐवजी दार मिळते. सिग्नलचा आकडा पाहायचा झाला तर तो उणे डेसिबलमध्ये असतो: उणे ५० उत्तम, उणे ८० कसाबसा. या दोघांत फरक ३० दिसतो, पण हे माप लघुगणकी आहे. प्रत्यक्षात लहर हजारपट क्षीण झालेली असते. दोन फूट सरकवल्यावर आकडा दहाने बदलला तर शक्ती दसपट झाली असे समजावे. पैसे शून्य.

२७/ पट्टा कोणता? राउटर आणि संगणक एकाच खोलीत किंवा मधे एकच पातळ भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ. जाड भिंती दोन असतील तर २.४. तिथे मात्र शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालणारा मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. सगळी गल्ली ६ वर असेल तर १ किंवा ११ वर जावे. मधली ३ किंवा ४ निवडणे म्हणजे दोन्हीकडचा गोंधळ पदरात घेणे.

२८/ रिपीटर हा लोकप्रिय उपाय आहे आणि थोडासा फसवा. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलणारा साधा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो, कारण तो एका वेळी एकच काम करू शकतो. शिवाय जिथे रेंज मरते तिथे रिपीटर ठेवला तर तोही मेलेलेच संदेश पुढे देतो. त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे अजून चांगले ऐकू येते तिथे.

२९/ या सगळ्याआधी एक परीक्षा घ्यावी, ती न घेतल्याने लोक वायफायला नाहक दोष देतात. संगणक एकदा राउटरपाशी नेऊन तारेने जोडून वेग मोजावा. तिथेही तो रडतच असेल तर दोष भिंतीचा नाही, गावाबाहेरून येणाऱ्या जोडणीचा आहे. मग अँटेना हलवून काही होणार नाही. तक्रार सेवा देणाऱ्याकडे करायची. वारणेत अडचण वेगाची नव्हती हे जसे नीट पाहिल्यावरच कळते, तसेच हेही.

३०/ आज या जोडणीवर काय अवलंबून आहे? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. महाविद्यालयीन प्रवेश, शिष्यवृत्ती, पीकविमा, परीक्षांचे अर्ज, सगळे पडद्यावर. अंतिम तारखेच्या रात्री अर्जाच्या शेवटच्या पानावर जोडणी तुटली तर त्याची नोंद कुठल्याही सरकारी आकडेवारीत ‘वायफायचा दोष’ म्हणून होत नाही. अर्ज अपूर्ण, एवढेच लिहिले जाते. तारायंत्राच्या काळी स्थानकाच्या खोलीबाहेर राहिलेल्या गावाची नोंद कुणी केली नव्हती, तशीच ही गोष्ट.

३१/ राहिला सर्वांत जुना, सर्वांत भरवशाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. डेस्कटॉप जागचा हलत नाही. मग त्याला बिनतारी ठेवण्याचा हट्ट कशाला? कॅट-६ ची वीस मीटर तार झरोक्यातून किंवा दाराच्या चौकटीच्या कडेने आतल्या खोलीत नेली की भिंत, ओल, पत्रा, शेजाऱ्याचा राउटर हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. या तारेची मर्यादा १०० मीटर, म्हणजे वाडा केवढाही असो, पुरते. बिनतारीचा मान मोबाइलला द्यावा. १९२७ मध्ये समुद्र ओलांडण्यासाठी झोत वापरणाऱ्या अभियंत्यांनीही खडकी आणि दौंडपासून मुंबईच्या तारघरापर्यंत जमिनीवरून तारच नेली होती.